चौदावा हुकूम आणि बहिरं बेट

१

मंगळवारी दिवेलागणीला कचेरीतून हुकुमांची वही चोरीला गेली, आणि बुधवारी सकाळी चोर कोण ते ठरूनही गेलं. चोर शोधायला वेळ लागतो. ठरवायला लागत नाही.

सगळं बेट मानेआबात जमलं होतं. मानेआबा म्हणजे बेटाचं सभाघर. त्याचं झापांचं छप्पर चारी बाजूंनी इतकं खाली उतरलेलं, की कितीही मोठा माणूस असो, आत शिरताना वाकावंच लागतं. राजधानीहून आलेल्या प्रशासकाला वाकणं जमेना. पहिल्याच आठवड्यात त्याने आपल्या येण्याच्या बाजूची झापं कापून घेतली. चटईवर बसणंही जमेना म्हणून दोन खुर्च्या आणवल्या, एक स्वतःला आणि एक कारकून इओतेबाला.

आज कारकुनाची खुर्ची रिकामी होती. इओतेबा पश्चिमेच्या बाजूला, आपल्या घराण्याच्या जागी, चटईवर मांडी घालून बसला होता. मानेआबात प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली असते. तिथे दुसरं कुणी बसत नाही, तिथल्या छपराला दुसरं कुणी हात लावत नाही. इओतेबाचा आजा बेइया दोन महिन्यांपूर्वी वारला, तेव्हापासून ती जागा ओस होती. पोराला लाज वाटली असेल, असं लोकांना वाटलं.

"काल संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात," प्रशासक बोलू लागला. त्याच्या कमरेला अकरा किल्ल्या होत्या आणि तो बोलताना त्या वाजत. पाठीमागे सगळे त्याला किल्लीवालाच म्हणत. "कचेरीची खिडकी उचकटली. वही गेली. खिडकीच्या फळीवर ही सुरी सापडली."

माडी काढायची सुरी होती, देवमाशाच्या हाडाच्या मुठीची. बेटावर तशी एकच होती, उत्तरेकडच्या वस्तीतल्या तोआतुची.

"न्यायालय पहिल्या हुकमाने बंद आहे, त्यामुळे खटल्याचा प्रश्न नाही. शुक्रवारी जहाज येतंय. तोआतु राजधानीच्या तुरुंगात जाईल. माझी परवानगी मिळेपर्यंत तिथे राहील."

ऐंशी वर्षांच्या बुरेनने घसा खाकरला. "साहेब, त्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही सात म्हाताऱ्यांनी अंगठे दिलेत. आणीबाणी नव्वद दिवसांची, पुढे वाढवायची तर परत अंगठे घ्यायचे, असं ठरलं होतं. नव्वद दिवस रविवारी संपले. सोमवारी वही बघायला आलो, तर तुम्ही म्हणालात बुधवारी या. आज बुधवार आहे."

"वही दाखवा, मग बोलू."

"वही तर चोरीला गेली ना."

"मग बोलता येणार नाही. वही सापडून माझं समाधान होईपर्यंत आणीबाणी आहे."

पूर्वेच्या बाजूला नेई तिरियाता, नेई म्हणजे बाई, दुखरा गुडघा मुडपून बसली होती. बावीस वर्षं ती या बेटाची न्यायाधीश होती. दुष्काळ पडला, विहिरींचं पाणी सारखं वाटायला म्हणून प्रशासक आला, आणि पहिल्याच हुकमाने त्याने तिला घरी बसवलं. मागच्या महिन्यात पाऊस झाला, विहिरी भरल्या. हुकूम काही आटले नाहीत. विहिरींना कुलूप. चार माणसांनी एकत्र बसायचं तर परवाना. बेट सोडायचं तर परवाना. वीतभर पात्याची सुरी ठेवायची तर नोंद.

आणि हुकूम चौदावा. माडावर चढून गाणं म्हणायचं नाही.

इथला पुरुष सकाळ-संध्याकाळ माडी काढायला माडावर चढतो आणि वरून मोठ्याने गातो. खाली आंघोळ करणाऱ्या बायकांना कळावं की वर कुणीतरी आहे, हा त्यातला सभ्यपणा. प्रत्येकाचा माड ठरलेला, प्रत्येकाचं गाणं वेगळं, त्यामुळे कोण कुठे आहे हे घरबसल्या कळतं. पण गेल्या महिन्यात गाण्यांत किल्ल्या वाजू लागल्या. मग चौदावा हुकूम निघाला. गाणाऱ्याला सहा महिने, ऐकून न कळवणाऱ्याला तीन.

काल दिवेलागणीला, ज्या वेळी तोआतु खिडकी उचकटत होता असं हा माणूस सांगत होता, त्या वेळी तोआतु आपल्या माडाच्या शेंड्यावर बसून छाती फोडून गात होता.

विहिरीला कुलूप, वाटेला कुलूप,
किल्लीवाल्या बाबा, आता भरतीला लाव कुलूप.

नेई तिरियाताने ते आपल्या पायरीवर बसून ऐकलं होतं. हसताना तिचा चहा सांडला होता. आणि ते तिने कुणालाही कळवलं नव्हतं.

आताही ती गप्पच बसली.

२

"मावशी, इथे यायचं तर परवाना लागतो," शिपाई काइतु म्हणाला. तो तिच्या बहिणीचा मुलगा.

"तुझ्या जन्माच्या वेळी तुझ्या आईला कळा सुटल्या, तेव्हा मी परवाना मागितला नव्हता. बाजूला हो."

तो बाजूला झाला. कचेरीच्या खिडकीला लाकडी झडप होती. तिरियाताने झडपेवर बाहेरून बोट फिरवलं. लाकूड गुळगुळीत होतं, मिठाने पांढरं पडलेलं. मग ती आत जाऊन उभी राहिली. सुरीचे ओरखडे तिथे होते. आतल्या बाजूला.

"काइतु, हे बघ. चोर आत कसा शिरला?"

"खिडकी उचकटून."

"आणि उचकटली कुठून?"

काइतुने बघितलं. बराच वेळ बघितलं. "आतून."

"म्हणजे चोर आधी आत आला, मग आत येण्यासाठी खिडकी उचकटली. अहवालात काय लिहिलंस?"

"अहवाल साहेबांनीच लिहिला. मी सही केली. मावशी, माझ्याकडे असं बघू नका. मला तीन पोरं आहेत."

"ज्याला पोरं नाहीत असा एकही शिपाई मला आजवर भेटलेला नाही," ती म्हणाली. "दाराचं काय?"

"कुलूप शाबूत होतं. पावणेसातला मी कंदील लावायला आलो तेव्हा दार बंद, खिडकी उघडी, फळीवर सुरी. किल्ली साहेबांकडेच असते. आणि साहेब तर सहा ते सात आपल्या बंगल्यात रेडिओवर राजधानीशी बोलत होते. तिथल्या माणसाने त्यांचा आवाज ऐकलाय."

"चांगलं आहे. त्यांचा आवाज ऐकला तर पुरावा, आणि दुसऱ्याचा ऐकला तर गुन्हा."

तोआतुला खोबऱ्याच्या गोदामात कोंडलं होतं. फटीतून त्याचं नाक आणि एक डोळा दिसत होता.

"बाई, खोबऱ्याच्या वासाने मी तुरुंगाआधीच मरणार."

"सुरी तिथे कशी गेली, ते सांग."

"गेली कशी? तिथेच होती. नवव्या हुकमात पात्याची लांबी बोटभर जास्त भरली म्हणून तीन आठवड्यांपूर्वी जप्त झाली. साहेबांच्या लोखंडी कपाटात. मी तेव्हापासून बायकोच्या मासे कापायच्या सुरीने माडी काढतोय."

"मग हे सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. साहेब म्हणाले, जप्तीची नोंद दाखव. मी म्हटलं, नोंद वहीत आहे. ते म्हणाले, वही तर तूच चोरलीस." फटीतला डोळा मिटला. "बाई, मी शाळा चौथीत सोडली. पण त्यालासुद्धा मला इतकं गोल गोल फिरवता येत नव्हतं, त्या गणिताच्या मास्तरला."

"काल संध्याकाळी होतास कुठे?"

"माडावर."

"कुणी पाहिलं?"

"माडावरच्या माणसाला कुणी पाहत नाही बाई. तुम्हाला ठाऊक आहे."

"मग काय करतात?"

तो गप्प. तिला कळलं तो का गप्प आहे. मी गात होतो असं तो म्हणाला असता, तर त्याच्यावर सहा महिने. त्याचं काही नाही, चोरीपेक्षा स्वस्त. पण मग साहेबाने विचारलं असतं, कुणी कुणी ऐकलं. सगळ्या उत्तरेकडच्या वस्तीने ऐकलं होतं. साठ-सत्तर माणसं, म्हाताऱ्याकोताऱ्या, आणि एक माजी न्यायाधीश.

"मुक्याने माडी काढत होतो," तोआतु म्हणाला. "हुकूम पाळत."

गुडघ्यापेक्षा जास्त काहीतरी तिच्या आत दुखलं. तिला त्याचा राग आला. गुन्हेगार असा चांगला वागू लागला की न्यायाधीशाची फार पंचाईत होते.

३

गुरुवारी ती घरोघर फिरली. सगळं बेट एका रात्रीत बहिरं झालं होतं.

"मंगळवारी संध्याकाळी? वारा होता हो फार," पहिली शेजारीण म्हणाली. मंगळवारी पान हललं नव्हतं.

"मी झोपलो होतो," जाळी विणणारा म्हणाला. साडेपाचला झोपणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

"माझ्या कानात पाणी गेलंय," तिसरा म्हणाला. "केव्हा गेलं?" "हुकूम चौदा निघाला तेव्हाच."

निदान हा खरं बोलला. तिला त्यांचा वैताग आला, आणि आपण त्यांच्याहून काडीभरही वेगळ्या नाही याचा जास्त आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच असतो, आणि त्यातली गंमत अशी की इथे तोंड प्रत्येकाने आपल्याच हाताने दाबलेलं होतं.

शेवटी ती इओतेबाच्या घरी गेली. तो कचेरीत होता. त्याची बायको नेई आकोई चुलीवर माडीचा पाक आटवत बसली होती. मडक्याच्या तळाला जेमतेम काहीतरी होतं.

"एवढाच पाक?"

"काय सांगू बाई," आकोई म्हणाली. "काल सकाळी ह्यांनी करवंटी उतरवली तर आत चार बोटं माडी. एरवी भरून वाहते. पोरांना काय, माझं कपाळ पाजू?"

"पोय वाळली का?"

"वाळली नाही हो. तासलीच नसणार आदल्या संध्याकाळी. विचारलं तर म्हणतात तासली, मी माडावरच होतो. माझा बाप माडी काढायचा, मला शिकवतात."

तिरियाताने मान हलवली. पोयीचं, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याच्या कोंबाचं, टोक रोज सकाळ-संध्याकाळ तासावं लागतं. एक वेळ चुकली की टोक मिटतं आणि धार आटते. माणूस खोटं बोलतो, पोय बोलत नाही.

संध्याकाळी कचेरी सुटल्यावर तिने इओतेबाला वाटेत गाठलं. तिशीचा पोरगा, राजधानीत शिकलेला, पायांत बूट. पण गेले दोन दिवस तो बूट हातात घेऊन चालत होता.

"मंगळवारी संध्याकाळी माडावर होतास म्हणे."

"हो."

"शपथ?"

"न्यायालय बंद आहे, बाई. शपथ कुणापुढे घेऊ?"

"तुझ्या आज्यापुढे."

त्याचा चेहरा उतरला. बेइया म्हातारा मोठा गमत्या माणूस होता. वहीच्या पहिल्या पानावर अंगठा देताना म्हणाला होता, शाई जरा जास्त लावा, हा माझा शेवटचा अंगठा. आणि खरंच तो शेवटचाच ठरला.

"बाई, मला जाऊ द्या."

"मी तुला धरलंय कुठे? तुझ्याच पायांनी उभा आहेस." ती थोडी जवळ आली. "एकच सांग. तुझ्या आज्याच्या जागी का बसलास काल? खुर्ची काय टोचत होती?"

बूट हातातून खाली पडले, ते उचलायचंही त्याला सुचलं नाही, आणि तो तसाच अनवाणी निघून गेला.

नेई तिरियाता बुटांकडे पाहत उभी राहिली. मग तिला वही कुठे आहे ते कळलं. आणि लगेच हेही कळलं की ती वही तिला काढता येणार नाही, काइतुला येणार नाही, या बेटावर एका माणसाशिवाय कुणालाच येणार नाही.

४

त्याच संध्याकाळी ती बंगल्यावर गेली, तेव्हा प्रशासकाने तिला चहा विचारला. तो वाईट माणूस दिसत नसे, हाच त्रास होता. नीट भांग, स्वच्छ शर्ट, टेबलावर पोरीचा फोटो.

"बाई, तुम्ही कायद्याच्या माणूस. तुम्ही तरी समजून घ्या. दुष्काळात मी नसतो तर या लोकांनी पाण्यासाठी एकमेकांची डोकी फोडली असती."

"नसती फोडली. पण समजा फोडली असती. तुम्ही विहिरीला कुलूप लावलंत, समजलं. गाण्यांना का लावलं?"

"शिस्त तुटत जाते. आज गाणं, उद्या दगड."

"आमच्याकडे दगड नाहीत साहेब. सगळी वाळू आणि प्रवाळ."

तो हसला नाही. "एका माणसाच्या हातात किल्ली असली की भांडण नाही. सात म्हाताऱ्यांच्या हातात दिली की सात भांडणं."

"भांडणं होती, खरं आहे. बावीस वर्षं मी तीच सोडवली. पण तेव्हा माणूस माझ्या तोंडावर म्हणायचा, बाई, तुम्ही चुकलात. तुम्हाला असं शेवटचं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही."

"मग तुम्हाला कसं कळणार, कधी चुकलात ते?"

किल्ल्या वाजल्या. तो उठला होता. "उद्या जहाज. आणि बाई, परवान्याशिवाय चौकशी करणं हा गुन्हा आहे. अकरावा हुकूम."

"तो कधी काढलात?"

"आजच. वहीत नोंद करायची राहिली आहे."

"अकरावा? चौदाच्या नंतर?"

"अकरावा मी रिकामा ठेवला होता," तो म्हणाला. "लागेल तसा भरायला."

५

शुक्रवारी सकाळी जहाज प्रवाळाच्या कठड्याबाहेर येऊन थांबलं. तोआतुला हात बांधून मानेआबात आणलं. प्रशासक कापलेल्या झापांमधून ताठ आत आला आणि खुर्चीवर बसला. इओतेबा पश्चिमेला, आज्याच्या जागी. अनवाणी.

"कुणाला काही बोलायचंय?" हे विचारायची पद्धत होती म्हणून प्रशासकाने विचारलं. उत्तर द्यायची पद्धत त्याने कधीच मोडून काढली होती.

"मला," नेई तिरियाता म्हणाली. बसल्या जागेवरूनच, कारण मानेआबात उभं राहून बोलत नाहीत. "मंगळवारी साडेपाचपासून साडेसहापर्यंत तोआतु आपल्या माडावर गात होता. मी ऐकलं. कळवलं नाही. माझे तीन महिने लिहून घ्या."

छपरात पाल चुकचुकली तेवढीच.

"गाणं तुमच्यावर होतं, साहेब. शेवटचं कडवं जरा ओढूनताणून बसवलं होतं. पण जो माणूस तासभर माडावर गात होता, तो त्याच तासात खिडकी उचकटत नव्हता."

"तुम्ही एकटीने ऐकलं?"

तिने उत्तर दिलं नाही. ते देणं तिचं काम नव्हतं. तोआतु मान खाली घालून पुटपुटला, "बाई, कशाला." कुणी हललं नाही. आता ती घाबरली. बावीस वर्षं या माणसांना ओळखत होती, आणि तरी तिला सांगता येईना की ही माणसं काय करतील.

"मी ऐकलं," बुरेन म्हातारा म्हणाला. "मी बहिरा आहे. तरी ऐकलं. इतका वाईट आवाज आहे त्याचा."

कुणीतरी फिसकन हसलं. मग कानात पाणी गेलेला म्हणाला, मी ऐकलं. मग आकोई. मग जाळी विणणारा. तो झोपेत ऐकलं म्हणाला. मग उत्तरेकडच्या वस्तीतली बायामाणसं, एकामागून एक, काही जरा उसनी ऐट आणून, काही रडवेली होऊन.

"नावं लिही," प्रशासक शिपायाला म्हणाला.

काइतुने पेन्सिल काढली, कागद मांडीवर घेतला, आणि थांबला. "साहेब, पहिलं नाव माझंच लिहावं लागेल. मी त्या माडाखालीच उभा होतो. गाणाऱ्यांवर पाळतीला."

"गप्प बस."

"बसतोय. पण लिहू का?"

प्रशासकाचा चेहरा पांढरा पडला. पण त्याने स्वतःला सावरलं, हे मान्य करायला हवं. "ठीक. त्याने चोरी केली नसेल. मग कुणी केली, बाई? वही नाहीच आहे. आणि वही नाही तोवर आणीबाणी आहे."

"आता तेच सांगते. खिडकी आतून उचकटलीय, काइतुने माझ्यासमोर पाहिलं. दाराचं कुलूप शाबूत. म्हणजे चोर किल्लीने आत गेला. किल्ली तुमच्या कमरेला. तोआतुची सुरी तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही जप्त केलीत, ती तुमच्या कपाटात, त्याचीही किल्ली तुमच्याच कमरेला. पण सहा ते सात तुम्ही रेडिओवर होतात, तेही खरं. साडेपाचला तुम्ही ओरखडे काढले, फळीवर सुरी ठेवली, आणि वही दुसऱ्याच्या हातात दिलीत. जाळून टाक म्हणालात. कारण रविवारी तुमचे नव्वद दिवस भरले आणि सोमवारी बुरेन वही मागायला आला."

"कल्पना चांगली आहे."

"त्या दुसऱ्याने मंगळवारी पोय तासली नाही. दुसऱ्या दिवशी करवंटीत चार बोटं माडी. माडावर होतो म्हणतो, तिथे नव्हता. तो वही घेऊन खोबऱ्याच्या भट्टीकडे गेला होता. पण तुम्ही एक चूक केलीत, साहेब. तुम्हाला वाटलं तो तुमचा कारकून आहे. त्या पानावर त्याच्या आज्याचा अंगठा आहे. मेलेल्या आज्याचा शेवटचा अंगठा चुलीत घालणारा माणूस या बेटावर अजून जन्माला यायचाय. त्याने ती लपवली. आणि तिच्यावर राखणीला खुर्ची सोडून चटईवर येऊन बसला."

सगळ्या माना पश्चिमेकडे, इओतेबाच्या डोक्यावरच्या झापांकडे वळल्या.

"शिपाई," प्रशासक म्हणाला, "झडती घे. छपराची."

काइतु जागचा हलला नाही. "दुसऱ्याच्या जागेचं छप्पर आहे, साहेब."

"मी हुकूम देतो."

"द्या की."

तिरियाता इओतेबाकडे पाहत होती. आता सगळं त्याच्यावर होतं. त्याने नुसतं बसून राहायचं म्हटलं असतं, तरी तोआतु गाण्यासाठी सहा महिने आत गेला असता, बेट तीन महिने, आणि वही पावसाळ्यात छपरातच कुजली असती. त्याची नोकरी होती, पोरं होती, राजधानीत बदलीचा अर्ज होता.

"ये ना रे, पोरा," बुरेन म्हातारा हळूच म्हणाला. "तुझा आजा वर बसून बसून कंटाळला असेल."

इओतेबा रडत नव्हता. नाकातून जोरात श्वास घेत होता, माडावर चढण्याआधी घेतात तसा. तो गुडघ्यांवर उठला, डोक्यावरच्या झापांत कोपरापर्यंत हात घातला, आणि निळ्या पुठ्ठ्याची वही काढून मांडीवर ठेवली.

"वाचू का?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं ते त्यालाही कळलं नसावं. मग त्याने वाचलं. मुदत नव्वद दिवस. पुढची मुदत सात वृद्धांच्या अंगठ्यांशिवाय नाही. खाली सात अंगठे, एकाला शाई जरा जास्त. आणि सतराव्या पानावर, जप्त: सुरी एक, मूठ हाडाची, मालक तोआतु.

"आज पंचाण्णवावा दिवस," तिरियाता म्हणाली. "म्हणजे तुम्ही पाच दिवस या बेटाचे पाहुणे आहात. पाहुण्याला कुणाला कोंडता येत नाही. काइतु, त्याचे हात सोड."

"आणीबाणी संपली हे जाहीर करण्याचा अधिकार फक्त मला आहे," प्रशासक म्हणाला.

"मग जाहीर करू नका. तुम्ही एकटे आणीबाणीत राहा. आम्ही घरी जातो."

६

दुपारी तो जहाजावर जायला निघाला तेव्हा एक गुंता झाला. सहाव्या हुकमाप्रमाणे परवान्याशिवाय कुणाला बेट सोडता येत नव्हतं, आणि परवान्यावर सही करायचा अधिकार त्याला उरला नव्हता. होडीवाले गंभीर चेहऱ्याने वल्ही खाली ठेवून बसले. तासभर त्यांनी त्याला उन्हात उभा केला. शेवटी बुरेनच म्हणाला, जाऊ द्या रे, आपण काय तो आहोत का. अकरा किल्ल्या त्याने काइतुच्या हातात दिल्या. होडीत बसताना त्याला वाकावं लागलं.

राजधानीहून दुसरा येईल, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी पोरांनी कापलेल्या जागी नवी झापं बांधायला घेतली, आधीपेक्षा वीतभर खाली.

संध्याकाळी उरलेल्या सहा म्हाताऱ्यांनी वही नेई तिरियाताच्या घरी पोचवली. नवा बंदोबस्त होईपर्यंत तूच सांभाळ, पोरी, बुरेन म्हणाला, तुझा शब्द आम्हाला चालेल. ती पायरीवर बसली. मांडीवर वही, वहीत पेन. पंधराव्या हुकमाचं पान कोरं होतं.

माडांवरून गाणी सुरू झाली. दक्षिणेकडून एक, आतल्या समुद्राच्या बाजूने दोन. इओतेबाचं सगळ्यात घाबरं, पण होतं. मग उत्तरेकडून तोआतु. नवीन गाणं होतं.

चोर शोधला बाईने दीड दिवसात,
ऐकलं म्हणायला लागले तीन.

खालच्या घरांतून हसण्याचा फवारा उडाला. आकोईचं हसू तर तिला वेगळं ओळखू आलं. तोआतुने कडवं पुन्हा म्हटलं, आणखी जोरात, तिच्या घराकडे तोंड करून.

नेई तिरियाताचे कान लाल झाले. तिचा हात वहीवर होता, पेन बोटांत आलं होतं, आणि पान कोरं होतं. एका ओळीचं काम. त्या क्षणी तिला किल्लीवाला जितका समजला, तितका तीन दिवसांच्या चौकशीत समजला नव्हता.

तिने पेन पायरीच्या कडेला ठेवलं, वही मिटून तिच्यावर दुखरा पाय ठेवला, आणि माडाकडे तोंड करून ओरडली.

"गाढवा, सूर तरी धड लाव."